हाकेला येणारं कुत्रं

अडुसष्ट सालच्या मार्गशीर्षात आमच्या जॉलीनं उसानं भरलेली एक बैलगाडी उलटवली. म्हणजे गाडी उलटवली बैलांनी, बैल बुजले ते जॉलीमुळे, आणि जॉली सुटला होता तो माझ्या सासऱ्यांच्या हातून. पण कारखान्याच्या कॉलनीत बोलताना मधले टप्पे गाळायची पद्धत होती. "दिघ्यांच्या कुत्र्यानं गाडी पाडली," एवढंच दुपारपर्यंत सगळीकडे झालं.

माझ्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. कारखाना साखरेचा, नगर जिल्ह्यातला. कालव्याच्या एका अंगाला धुराडं आणि उसाच्या गाड्यांचं यार्ड, दुसऱ्या अंगाला आमची कॉलनी. माझे सासरे भास्करराव दिघे तिथे हेड टाइमकीपर होते. भोंगा त्यांच्या घड्याळावर वाजायचा आणि त्या भोंग्यावर हजारभर माणसं आतबाहेर करायची. मी त्यांना मामंजी म्हणे. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यावं आणि बोलावल्यावर यावं, एवढंच त्यांचं जगाकडे मागणं होतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणत असू. सगळे म्हणजे मामंजी सोडून. ते त्यांना काहीच म्हणत नसत. त्यांच्या आई हयात होत्या तेव्हा आईदेखत बायकोला नावानं हाक मारणं बरं दिसत नसे, म्हणून त्यांनी टाळी वाजवायला सुरुवात केली होती. दोन टाळ्या. आईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, टाळ्या राहिल्या होत्या. व्हरांड्यात दोन टाळ्या वाजल्या की माई असतील तिथून, हातातलं असेल ते टाकून, पदराला हात पुसत बाहेर येत आणि विचारत, "काय हवंय?" मी घरात आल्यावर माझ्यासाठी तीन ठरल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्यासाठी वेगळा आकडा ठेवला म्हणून बरंच वाटलं.

जॉली माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, कॉलेजात असताना आणलेला. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. त्याला संध्याकाळी फिरवायचं काम माईंकडे होतं. हेड टाइमकीपरनं कुत्र्यामागे फरफटत जाणं शोभलं नसतं, शिरीष लॅबमध्ये पाळीवर, आणि मी नवी नवरी. माई उन्हं उतरली की निघत आणि दिवे लागल्यावर परत येत. रोज एकच कारण.

"पळाला मेला. पार यार्डापर्यंत शोधत गेले."

"हाक मारायची नाही?" मामंजी घड्याळाकडे बघत विचारत.

"मारली की. ऐकेल तर ना. गाड्यांखालची कुत्री दिसली की त्याला ना घर आठवतं, ना दार."

हे खोटं वाटण्यासारखं नव्हतं. हंगामात यार्डात गाड्यांची रांग लागे आणि बहुतेक गाड्यांखाली, आसाच्या सावलीला, गाडीवानाचं एखादं कुत्रं चालत असे. जॉलीला त्या कुत्र्यांचं विलक्षण आकर्षण.

त्या दिवशी माईंना ताप होता म्हणून मामंजींनी साखळी हातात घेतली. रविवारची सकाळ होती, अंगावर इस्त्रीचे कपडे होते. यार्डाच्या तोंडाशी जॉलीनं हिसडा दिला आणि तो थेट धोंडीराम नावाच्या गाडीवानाच्या गाडीखाली शिरला. तिथे आधीच एक काळं कुत्रं होतं. पुढचं मी सांगितलंच. धोंडीरामच्या पायावर मोळी पडली, पाऊल सुजलं, आणि जनरल मॅनेजर रेगे साहेबांनी मामंजींना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

मामंजी परत आले ते टोपी न काढताच व्हरांड्यात बसले. दोन टाळ्या वाजल्या. माई तापातच उठून बाहेर आल्या. "काय हवंय?"

"काही नको. ऐक. पुढच्या रविवारी ग्राउंडवर, सगळ्यांसमोर, कुत्रं मोकळं सोडायचं. गाड्या तिथेच शेजारी असणार. हाकेसरशी आलं तर राहील. नाही आलं तर कॉलनीबाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"साहेब म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याचा मळा आहे वैजापूरकडे. राखणीला."

माई दाराला टेकल्या. "मळ्यावर साखळीला बांधतात हो. उन्हात."

"मग इतके दिवस तू त्याला वळण का नाही लावलंस? रोज तासभर त्याच्यामागे धावतेस, त्यापेक्षा एकदा शिस्त लावली असती तर?"

माईंनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

"आता बघ, आठ दिवसांत कसा सरळ करतो," मामंजी म्हणाले. "हजार माणसं एका भोंग्यावर येतात. हे तर एक कुत्रं आहे. आणि एकदा हाकेला यायला लागला की संध्याकाळी मीच नेत जाईन. तुझी तंगडतोड वाचेल."

ते हे प्रेमानं म्हणाले, ह्यात मला शंका नाही.

शिकवणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मामंजींनी क्लबातून कुत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं की आवाज एकच ठेवावा, साधा आणि लांबवर जाणारा, आणि कुत्रं आलं की दर वेळी खाऊ द्यावा. शिट्टी उपयोगाची नव्हती, यार्डातले वॉचमन दिवसभर शिट्ट्या फुंकत. मामंजींनी विचार केला आणि ज्या आवाजाचा त्यांना वर्षानुवर्षं खात्रीचा अनुभव होता, तोच निवडला.

खाऊसाठी त्यांनी घेतले सोडे. माईंच्या भावानं अलिबागहून पाठवलेले, वाळवलेल्या कोळंबीचे, डब्याच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवलेले. आमच्या घरात सोड्याची खिचडी जावई आला तर व्हायची.

"अहो, बिस्किटं द्या ना त्याला," माई म्हणाल्या.

"पुस्तकात लिहिलंय, त्याला सगळ्यात प्रिय असेल ते द्या."

"त्याला चपलासुद्धा प्रिय आहेत."

गुरुवारी मार्गशीर्षातल्या लक्ष्मीमुळे घरात सोड्याचा वाससुद्धा चालत नसे, म्हणून त्या दिवशी कुत्र्याला सुट्टी मिळाली. बाकी रोज सकाळी मागच्या अंगणात शाळा भरे. मामंजी कढीपत्त्यापाशी उभे राहत, शिरीष कुत्र्याला न्हाणीघरापाशी धरून ठेवी. दोन टाळ्या वाजत. जॉली सुसाट येऊन सोडा खाई. त्याच वेळी स्वयंपाकघरात माई हातातली पळी खाली ठेवत, दोन पावलं चालत आणि थांबत. मग परत पोळी उलटत. त्या आठवड्यात आमच्या बऱ्याच पोळ्या करपल्या. मामंजी म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?"

अंगणात जॉली पहिल्या नंबरानं पास होत होता. कुंपणाबाहेर मात्र त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. शुक्रवारी मामंजींनी त्याला रस्त्यावर आजमावलं. समोरून शेळ्या आल्या. टाळ्या वाजल्या, शेळ्यांनी वळून पाहिलं, जॉलीनं नाही. बऱ्याच वेळानं तो स्वतःहून आला तेव्हा मामंजींनी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या पाठीत दोन घातल्या आणि त्याला खिडकीच्या गजाला बांधून टाकलं.

"आल्यावर मारलंत?" शिरीष म्हणाला.

"उशिरा आला. लेट मार्क."

शनिवारी संध्याकाळी माई नेहमीप्रमाणे त्याला घेऊन गेल्या. दिवे लागले तरी पत्ता नाही. मामंजींनी मला पाठवलं. "जा बघ. परीक्षेच्या आदल्या दिवशी हरवून बसेल बया त्याला."

मी यार्डाकडे निघाले होते. कालव्याच्या पुलावरून सहज खाली पाहिलं, तर पलीकडच्या पायरीवर माई बसलेल्या. वहाणा बाजूला काढलेल्या, पाय घोट्यापर्यंत पाण्यात, हात मांडीवर. काही करत नव्हत्या. निवडत नव्हत्या, वाती वळत नव्हत्या, जपमाळसुद्धा नव्हती. आठ महिन्यांत मी त्यांना असं रिकाम्या हातानं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. जॉली मोकळा होता. बराच पुढे, काठानं, गाडीवानांच्या दोन कुत्र्यांबरोबर हुंदडत होता.

मी खाली गेले. "माई, उशीर झाला. जॉलीला शोधायचं ना?"

"कशाला शोधायचं? तो काय तिथे आहे." त्यांनी मान वळवली आणि शेजारच्याशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हटलं, "जॉली, ये रे."

कुत्र्यानं खेळ तिथेच टाकला आणि तो आला. येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. माईंनी त्याचा पडका कान चोळला आणि म्हणाल्या, "जा." तो परत पळाला.

मी बघतच राहिले. "हा येतो?"

"पहिल्यापासून येतो."

"मग मामंजींकडे का नाही?"

"ते बोलावतात आणि बांधतात. मी बोलावते आणि सोडून देते. बोलावलं की बांधणार, हे एकदा कळलं की कोण येईल?"

मी त्यांच्याजवळ बसले. पाणी गार होतं, त्यावर मळीचा वास होता.

"माई, मग उद्या तुम्हीच हाक मारा ना. जॉली वाचेल."

"वाचेल. आणि हाकेला येतो म्हटल्यावर मला उशीर कसा होईल? पाव तासात घरी. पाव तास तरी कशाला, ते स्वतःच नेणार आहेत." त्यांनी पाय पाण्यातून काढले आणि पदरानं पुसले. "आला तर ही पायरी गेली, नाही आला तर तो गेला. आठवडाभर हाच हिशेब करतेय, कुमुद. जुळत नाही. चल, तुझे मामंजी वाट बघत असतील."

घरी येऊन त्यांनी सांगितलं, पळाला होता मेला. मामंजी माझ्याकडे बघत होते. मी चहा ठेवायला आत गेले.

रविवारी ग्राउंडवर कॉलनी लोटली होती. रेगे साहेबांना खुर्ची टाकलेली. पुरुष त्यांच्यामागे, आम्ही बायका लिंबाखाली. कडेनं यार्डाचा रस्ता आणि त्यावर गाड्यांची रांग. पायाला फडकं गुंडाळलेला धोंडीराम मुद्दाम सगळ्यांत पुढच्या गाडीवर चढून बसला होता, आणि त्याच्या गाडीखाली तेच काळं कुत्रं.

मामंजी मधोमध उभे राहिले. नवा कोट, खिशात सोड्यांची पुडी. शिरीषनं जॉलीला ग्राउंडच्या टोकाला नेलं.

"सोडा," रेगे साहेब म्हणाले.

शिरीषनं साखळी काढली. जॉलीनं अंग झाडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तो शांतपणे धोंडीरामच्या गाडीकडे चालू लागला.

मामंजींनी दोन टाळ्या वाजवल्या.

जॉलीनं गाडीखालच्या कुत्र्याचं शेपूट हुंगायला घेतलं.

मामंजींनी पुन्हा वाजवल्या, मोठ्यानं. हात चांगले खांद्याच्या वर नेऊन. आणि माझ्या शेजारून माई चालू लागल्या.

मला वाटलं, ऊन लागतंय म्हणून सरकताहेत. मग बघते तर त्या सावलीबाहेर पडून सरळ ग्राउंडमध्ये निघालेल्या. "माई," मी हळूच हाक मारली. ऐकलं नाही. निम्म्या वाटेवर त्यांचं पाऊल क्षणभर अडखळलं, जरा थांबल्यासारखं वाटलं. मग त्या पुन्हा चालू लागल्या. चालता चालता दोन्ही हात पदराला पुसत होत्या. हात कोरडेच होते. शेकडो माणसांच्या देखत त्या मामंजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काय हवंय?"

यार्डातल्या बैलांच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

मग गाडीवरून धोंडीरामचा आवाज आला. "टायमकीपर सायेब, एक तर आलं की."

हसू आधी गाडीवानांत फुटलं, मग पुरुषांत. बायका हसल्या नाहीत. लिंबाखाली जी ती आपल्या नवऱ्याकडे बघत होती.

मामंजींचे हात अजून वरच होते. ते त्यांनी खाली घेतले. कान लाल झाले होते. "तुला नाही," ते म्हणाले, "त्याला."

"मग त्याला बोलवा."

"येत नाही तो."

माईंनी गाडीकडे तोंड केलं. आवाज चढवला नाही. "जॉली, ये रे."

गाडीखालून पांढरं-तांबडं काहीतरी बाहेर आलं आणि धुरळा उडवत त्यांच्या पायाशी येऊन बसलं. माईंनी कान चोळला. "जा." तो गेला. अर्ध्या वाटेवर असताना पुन्हा म्हणाल्या, "ये." तो वळून आला. मामंजींच्या खिशात सोडे होते, त्याकडे त्यानं नाकही वळवलं नाही.

रेगे साहेब खुर्चीतून उठले. "मिसेस दिघे, हा तुमचं ऐकतो?"

"ऐकतो."

"मग आधी सांगायचं नाही? एवढा तमाशा कशाला?"

"मला कुणी विचारलं नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. हसू लपवायचं असलं की ते चष्मा पुसत, असं शिरीष म्हणायचा. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. कुत्रं हाकेला येतं, तेव्हा राहील. पण त्याला बाहेर नेतील त्या मिसेस दिघेच, दुसऱ्या कुणी नेलं की कॉलनीबाहेर. "आणि रोज तासभर चांगलं हिंडवत जा त्याला. दमला म्हणजे दंगा करणार नाही."

"रोज तासभर," माई म्हणाल्या. "बरं."

मामंजी कारखान्याच्या जनरल मॅनेजरचा हुकूम मोडणारे नव्हते.

त्या संध्याकाळी माई घड्याळात बघून निघाल्या. तास झाला, दीड तास झाला. मामंजी व्हरांड्यात बसले होते. दोनतीनदा त्यांचे तळवे जवळ आले, पण एकमेकांना लागले नाहीत. शेवटी ते उठले, फाटक उघडून रस्त्यावर गेले, आणि कालव्याच्या दिशेला तोंड करून त्यांनी हाक मारली, "मनोरमा."

हाक इतकी नवखी होती की शेजारचे कर्णिक बाहेर येऊन विचारू लागले, कोण हरवलंय.

लांबून माईंचा आवाज आला, "येते." त्यानंतर त्या चांगल्या वीसेक मिनिटांनी आल्या. मामंजी फाटकाशीच उभे होते. त्यांनी जॉलीसाठी फाटक धरून ठेवलं, त्याच्यामागून माई आत आल्या.

पुढे एकदा गहू निवडताना मी माईंना विचारलं, त्या दिवशी तुम्ही सवयीनं गेलात की मुद्दाम?

"पाय निघाले ते सवयीनं," त्या म्हणाल्या. "निम्म्यावर कळलं. सगळे बघताहेत हेही कळलं. मागे वळले असते तर लोक म्हणाले असते, वेंधळी आहे, आणि तिथेच मिटलं असतं. म्हटलं, निघालेच आहे तर पोचूया. दिसू दे ह्यांना, कसं दिसतं ते."

त्या घरात पुन्हा कुणासाठी टाळी वाजली नाही. माझ्या तीनसुद्धा गेल्या, आणि मामंजी मला "कुमुद" म्हणू लागले, जरा चाचरत.

रेगे साहेब दोन वर्षांनी पुण्याला बदलून गेले. धोंडीरामचा पाय बरा झाला. तो पुढे ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला आणि रस्त्यात माई दिसल्या की ट्रॅक्टर बाजूला घेऊन थांबवायचा. ट्रॅक्टर आल्यावर गाड्या कमी झाल्या, गाड्यांखालची कुत्रीही. शिरीष चीफ केमिस्ट होऊन निवृत्त झाला. मागच्या वर्षी तो गेला. मी मुलीकडे नाशिकला असते. माई चौऱ्याऐंशी वर्षं जगल्या आणि शेवटचं आजारपण सोडलं तर संध्याकाळी त्या कधी घरात सापडल्या नाहीत.

जॉली चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात म्हातारा होऊन मेला. माई चार दिवस बाहेर पडल्या नाहीत. साहेबांचा हुकूम कुत्र्यापुरता होता, कुत्रं गेलं म्हणजे हुकूमही संपला, असं त्यांनी धरलं असावं. पाचव्या दिवशी मामंजी कामावरून आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या आत काहीतरी वळवळत होतं. यार्डातून आणलेलं काळं पिल्लू, नुकते डोळे उघडलेलं. ते त्यांनी माईंच्या मांडीवर ठेवलं.

"ह्याला काय काय शिकवायचं?" माईंनी विचारलं.

मामंजी पायातले बूट काढत होते. "काही नको," खाली बघतच ते म्हणाले. "हाक मारली की लगेच यायचं नाही, तेवढं शिकव."